निसर्गाकडे जाताना सुके बोंबील

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. त्यामुळे घरात पुस्तकी मराठी आणण्याचा गुन्हाही माझाच.

सुट्टीत मी झाईला, समुद्रकाठच्या आमच्या गावी आलो होतो. बहिणीची पाच वर्षांची कमळीही आजोळी आली होती. ओट्यावर बसून मी जाहीर केलं, "उद्या कमळीला घेऊन सगळे निसर्गाकडे जाऊ!"

बा जाळं सांधत होते. "कुठं राहतो?"

मला वाटलं, गंमत करताहेत. "कोसबाडच्या टेकडीवर."

"तुझी ओळख हाय?"

"कॉलेजात झाली," मी लाजत म्हणालो.

"नावावरून गुजरातेतला वाटतो," आई आतून म्हणाली. (हे मला तेव्हा ऐकू आलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं!)

सकाळी बघतो तर बा लग्नातला काळा कोट घालून तयार! होडी शेजाऱ्याच्या हवाली केलेली. आईच्या काखेत टोपली.

"टोपलीत काय?"

"सुके बोंबील. कुणाकडे रिकाम्या हातानं जातात होय?"

वाटेत एखाद्या नातेवाइकाकडे द्यायचे असतील, असं मी समजलो. कमळीच्या मुठीत एक शंख होता. तोही 'द्यायचा' होता, म्हणून मला हात लावू देईना.

बसमध्ये बोंबलांनी आपली ओळख स्वतःच करून दिली. पुढची दोन बाकं रिकामी झाली. कंडक्टर नाकाला रुमाल लावून म्हणाला, "काका, टोपली टपावर ठेवा, नाहीतर मी टपावर बसतो!"

"भेटीचा माल हाय, दादा," बा म्हणाले. "टपावर कसा ठेवू?"

घोलवडहून चालत टेकडी चढलो. खाली चिकूच्या वाड्या, पलीकडे समुद्राची रेघ. माझा ऊर भरून आला. हात पसरून म्हणालो, "पाहा! हे सगळं निसर्गाचं!"

बांनी घाम पुसला. "एवढ्या वाड्या एकट्याच्या?"

"वाड्या राहू देत," आई म्हणाली. "घर कुठंय? अजून कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "आये, निसर्ग म्हणजे माणूस नव्हे गं! झाडं, डोंगर, पाखरं, समुद्र..."

"समुद्र?" बा कोटाची बटणं सोडत म्हणाले. "म्हणजे त्याच्याच दारातून उठून, तिकिटं काढून आलो की रे!"

आई हसत हसत खालीच बसली. कमळी मात्र हसली नाही. शंख पुढे धरून ती रडायला लागली. "मग हा कुणाला देऊ?"

पुस्तकात एवढं पुढचं दिलेलं नव्हतं.

बा तिच्याजवळ उकिडवे बसले. "घरात नाही, तर दारात ठेवू. आला की घेईल."

तिनं शंख फ्रॉकला पुसून आंब्याच्या बुंध्याशी ठेवला. दोन पावलं जाऊन परत वळली. "आजा, त्याला कळेल ना, मी आणलाय?"

"कळेल ना. त्याच्याच घरचा हाय तो."

बोंबील आम्ही तिथंच काटक्या पेटवून भाजले नि खाल्ले. यजमानांनी काही तक्रार केली नाही.

आता मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा जेवताना अगदी मनापासून म्हणालो, "आये, हल्ली मला तत्त्वज्ञानाकडे जावंसं वाटतंय."

आई ताटावरून उठलीच. "थांब. बोंबील बांधून देते."