उदाहरणाला उभी केलेली मुलगी

"स्वीपिंग इज हर मदर्स जॉब." सर म्हणाले आणि खडू माझ्याकडे रोखला. वर्ग हसला.

मनीषनगरातला इंग्रजीचा क्लास. मी बारावीत. क्रियापदाला आयएनजी लागलं की ते कधी नाम होतं, कधी विशेषण, हे सर शिकवत होते. प्रत्येक नियमाला वर्गातलं एक पोर उभं करायचं, त्याच्यावर वाक्य रचायचं आणि ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, ही त्यांची पद्धत. डॉक्टरांच्या मुलीला सिंगिंग मिळालं, बिल्डरच्या मुलाला स्विमिंग. मला झाडू. कारण माझी आई तिथंच झाडायची, पुसायची आणि त्या बदल्यात मला क्लासमध्ये बसायला मिळायचं.

तेवढ्यानं सरांचं समाधान झालं नाही. नाक मुरडून म्हणाले, "आता विशेषण. स्मेलिंग गर्ल. म्हण."

क्लासआधी आईला फरशी पुसायला मदत केली होती, हातांना फिनाईलचा वास होता. होताच. मी हात पाठीमागे लपवले, वर्ग पुन्हा हसला.

हसणं ऐकून आई दारात आली. हातात झाडू. "काहून हासून राहिले वं हे पोट्टे?"

खोटं सांगता आलं असतं. पण अंगाची आग झाली होती. मी मोठ्यानं म्हणाले, "सर म्हणून राहिले, माही माय झाडू मारते अन् माह्या अंगाले वास येते. अन् ते मलेच म्हण म्हणते."

आईचा चेहरा पांढराफटक. सर म्हणाले, "मावशी, मुलीला समजवा. नाहीतर उद्यापासून दोघी घरी बसा."

मी आईच्या हातातला झाडू घेतला आणि सरांच्या टेबलावर, उघड्या पुस्तकावर ठेवला. "आजपासूनच बसतो. उरलेलं तुम्ही झाडा."

बारावीचं इंग्रजी मी घरी, दातओठ खात केलं. पुढंही इंग्रजीच घेतलं. लोक म्हणतात, आवड. आवड कसली, सूड होता.

आज त्याच गल्लीत, सरांच्या क्लाससमोर माझा क्लास आहे. कोराडीहून, उमरेडहून पोरं येतात. आता सरांकडचीही येऊ लागलीत. परवा सरांचा फोन आला. "झालं गेलं विसरून जा बेटा. आपण मिळून क्लास चालवू." बेटा म्हणाले. आवाज किती मऊ.

मी म्हणाले, "नाही सर. तुमचा क्लास मले बंद झालेला पाहायचा आहे."

आई म्हणते, "सोड नं वं आता. म्हातारा झाला तो."

नाही सोडणार. त्यांनी माफी मागितली तरी नाही. त्यांचं शेवटचं पोर माझ्या वर्गात येऊन बसेपर्यंत, त्यांच्या दारावरची पाटी उतरेपर्यंत मी त्या गल्लीतून हलणार नाही.