आठ बिल्ले

आत शिरण्याआधी काका छातीवर दोनदा हात आपटायचे. बिल्ला जागेवर आहे की नाही ते बघायला. मग म्हणायचे, "हाय. चला."

नात्यातले नव्हते, पण ओळख जुनी. ठाण्याच्या खाडीकाठच्या बोनकोड्यात आमच्या घरी माझ्याआधी कुणी दहावीपर्यंत पोचलं नव्हतं. बाप आणि काका एकाच मिठागरात राबले. मिठानं पाय इतके फुटलेले, की आईनं आणलेल्या चपला बाप हातात धरून चालायचा. मिठागरं गेली, इमारती आल्या. मी बीएस्सी झालो तेव्हा काका एवढंच म्हणाले, "आता आपल्यातला एक तरी कागूद वाचील."

नव्वदनंतरची ती वर्षं. बेलापूरच्या एका कंत्राटदारानं मला सुपरवायझर केलं. गावातली आठ माणसं घेऊन मी दूरच्या एका अणुवीज केंद्रावर जायचो. काका त्यांतले एक. वापरलेलं इंधन तिथं पाण्याच्या खोल टाकीत ठेवतात. त्या पाण्याचे फिल्टर बदलायचे, जुने पिंपात भरून झाकण आवळायचं, हे आमचं काम. अंगावर किती किरणं पडली ते बिल्ल्यातल्या चकत्यांवर नोंदलं जातं. मर्यादा भरली, की त्या माणसाचं आत जाणं बंद.

इथं कंत्राटदाराची हुशारी. "बिल्ले काढून ड्रॉवरात ठेवायचे. कोरे राहतील, काम चालू राहील. टेन्शन नाय." किल्ली माझ्याकडे. सात जणांनी मुकाट्यानं काढून दिले. घरी बसणं कुणालाच परवडत नव्हतं. काकांनी दिला नाही.

मी डिग्रीच्या तोऱ्यात म्हणालो, "काका, मी फिजिक्स शिकलोय. पाच-दहा मिनिटांत काही होत नाही."

"मंग तू जा आत."

मी किल्ली खिशात टाकली.

"मिठानं पाय खाल्लं ते दिसलं तरी. ह्ये दिसत नाय, म्हनून तं बिल्ला दिलाय. तुला शिकवला तो कागूद वाचाला. ड्रॉवर राखाला नाय."

दुसऱ्या सकाळी त्यांनी नुसता हात पुढे केला. मी किल्ली दिली.

आतल्या फाटकाशी काका उभे राहिले ते छातीवर आठ बिल्ले लावून. केंद्राचा सुरक्षा अधिकारी हसला. "काय काका, लग्नाला निघालात?"

"नाय साहेब. मानसं रोज आत, बिल्लं ड्रॉवरात झोपत्यात. म्हटलं, ह्यांना बी फिल्टर दाखवू."

अधिकाऱ्याचं हसू थांबलं. कामही थांबलं. "किल्ली कुणाकडे असते?" त्यानं विचारलं.

"माझ्याकडे," मी म्हणालो.

दुपारी कंत्राटदारानं काकांचा पास काढून घेतला. म्हणे वय झालं. मला ठेवलं, शिकलेला माणूस लागतो! ड्रॉवर राखणारा राहिला, बिल्ला लावणारा गेला. तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? त्या माणसाचा मला अजून संताप येतो. माझाही येतो. त्या सात जणांनी तोवर अंगावर काय घेतलं, ते कुठल्याच कागदावर नाही. तो कागद मी कोरा ठेवला.

काका पुन्हा कधी केंद्रावर आले नाहीत. आता तर ते राहिलेच नाहीत.

पुढच्या खेपेपासून केंद्राच्या खिडकीतून ज्याचा बिल्ला त्याच्याच हातात मिळू लागला. प्रत्येकाला स्वतःच्या आकड्यांचं कार्ड मिळालं, आणि दर महिन्याला ते मी एकेकाला वाचून दाखवलं.