अठ्ठेचाळीस आकडे

आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी अकरा वर्षं कॉम्प्युटरचं काम केलं. परदेशी जाणाऱ्या मालाच्या कागदांत मॅनेजरनी चुकीची तारीख घातली, माल परत आला, आणि त्यांनी सगळ्या स्टाफसमोर ती चूक माझ्या नावावर लावली. मालकांनी मला घरी बसवलं.

पुढच्याच मे महिन्यात, ऐन हंगामात, मॅनेजरांचा फोन आला. ऑफिसातला कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला होता आणि आता उघडायला रिकव्हरी की, म्हणजे कुलूप काढायचा लांबलचक आकडा, मागत होता.

"तुमच्या फायलीतली की टाकतोय, ती घेत नाही. मुद्दाम चुकीची ठेवून गेलात काय?"

"येऊन बघते," मी म्हटलं. मदत करायचं माझ्या मनात नव्हतंच. मला त्यांचं तोंड बघायचं होतं.

निळ्या पडद्यावर कीचा ओळख क्रमांक दिसत होता. त्यांच्या हातातल्या कागदावरचा क्रमांक वेगळा. म्हणजे कागदावरची की खरी, पण शेजारच्या कॉम्प्युटरची. एका नजरेत मला कळलं. मी खुर्ची ओढून बसले.

"आकडा चुकत असेल. सावकाश टाका."

अठ्ठेचाळीस आकडे. चष्मा कपाळावर सारून, कागद डोळ्यांजवळ धरून ते एका बोटानं टाकत होते. की नाकारली गेली. मी पुन्हा टाकायला लावली. तिसऱ्यांदा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. बाहेर माल भरलेला ट्रक उभा होता आणि त्याचे कागद त्याच कॉम्प्युटरात होते. स्टाफ काम सोडून बघत होता. त्या दिवशी खाली मान घालून उभी राहिलेली तीच माणसं.

"जमेल काय हो?" त्यांचा आवाज उतरला होता.

"जमेल. आधी चुकीची तारीख कोणी घातली ते यांना सांगा."

"आता ते कशाला?"

"मग मी निघते."

ते फायलीकडे बघत पुटपुटले, "चूक माझ्याकडून झाली."

"मागच्या टेबलाला ऐकू आलं नाही."

ते पुन्हा बोलले, मोठ्यानं.

मग मी तीच फाईल उघडली. बरोबर कागद त्याच प्लास्टिकच्या कव्हरात होता, पहिल्याच्या मागे, दमट हवेनं चिकटलेला. नखानं सोडवून त्यांच्यापुढे ठेवला. "आधी क्रमांक जुळवायचा असतो," मी सांगितलं. कॉम्प्युटर उघडला.

आठवड्यानं मालकांनी कामावर बोलावलं. मी गेले नाही. मॅनेजर मात्र अजून तिथेच आहेत.

घरी सगळं ऐकून आई म्हणाली, "एवढं ताणायला नको होतंस गो."

 चौथ्यांदा टाकायला लावलं नाही, याचीच मला हळहळ वाटत होती.