टाळूवरचं तेल

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. काळ गेला की माणूस विसरतो म्हणतात. आठ वर्षं गेली, मला काही विसरायला झालं नाही. उलट दर हिवाळ्यात ती सकाळ जास्तच नीट आठवायची.

माझं माहेर फुलशेतीवालं. मखमलाबादच्या बाजूला वडिलांचे गुलाब आणि शेवंतीचे मळे होते. ढिगात कालची फुलं मिसळली आहेत का, हे वडील डोळ्यांनी बघत नसत, मूठभर फुलं उचलून नाकाशी धरत. ते नाक माझ्याकडे आलं. सासरी त्याचं कुणाला काही नव्हतं. तिथे वासातलं कळण्याचा सगळा मान माझ्या थोरल्या नणंदेचा. गंगापूर रोडला तिच्या फ्लॅटमध्ये अरोमाथेरपीचा क्लास चालतो. काचेच्या कपाटात तपकिरी बाटल्या ओळीने लावलेल्या असतात. झोप येत नाही, लॅव्हेंडर. डोकं दुखतंय, पुदिना. सर्दी झाली, नीलगिरी. एकदा मी म्हटलं की या गुलाबाच्या तेलाला गुलाबाचा वासच नाही. त्यावर ती चारचौघींत हसून म्हणाली, हार विकणाऱ्यांना तेलातलं काय कळणार. तेही माझ्या लक्षात आहे, पण ती बारीक गोष्ट.

मोठी गोष्ट घडली तेव्हा माझी मुलगी अडीच महिन्यांची होती. थंडी कडाक्याची होती आणि तिचं नाक चोंदलं होतं. नणंद दोन दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आली होती. मी अंघोळीला जाताना तिला म्हटलं, ताई, तेवढी टाळू भरता का? तान्ह्या बाळाच्या डोक्यावर ती मऊ, उडणारी जागा असते, तिथे कोमट खोबरेल थोपटून जिरवायचं, एवढंच ते काम. वाटीत तेल मीच कोमट करून ठेवलं होतं. बाहेर आले तेव्हा बाळ तिच्या पायांवर आडवं होतं आणि रडत नव्हतं. रडत नाही म्हणून मला आधी बरंच वाटलं. मग दिसलं की पोर श्वास घेते, थांबते, पुन्हा कसाबसा घेते. हात उचलला तर तो तसाच खाली पडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, हिला काय लावलं? नणंद लगेच म्हणाली, "नुसतं खोबरेल."

मी वाकून बाळाच्या डोक्याचा वास घेतला. नीलगिरी होती, पुदिना होता, आणि दोन्हींचा वास चांगलाच उग्र होता. मी तसं सांगितलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डॉक्टरांना हळू आवाजात समजावलं, की बाळंतीण आहे, झोप नाही, तिला असे भास होतात. सासूबाईंनी मान हलवली. डॉक्टरांच्या तोंडाला मास्क होता, त्यांना काही कळलं की नाही, देव जाणे. तरी त्यांनी नर्सला बाळाचं डोकं पुसून काढायला लावलं. दोन दिवस माझी मुलगी काचेच्या पेटीत होती. मला बोटानेसुद्धा शिवता येत नव्हतं.

पोर वाचली. दोष मात्र माझ्या नावावर राहिला. नातेवाइकांत ठरून गेलं, की अंघोळ घालून ही बाळाला वाऱ्यात घेऊन बसली. पुढे मुलीला साधी शिंक आली तरी सासूबाई माझ्याकडे बघत. नवरा म्हणाला, झालं गेलं, सोड आता. करून सवरून नणंद नामानिराळी राहिली, आणि वर मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाला येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवायची. तो हात मला दिसला की मी काहीतरी काम काढून मुलीला आत बोलवायची.

मग मी तेलं शिकले. आवड म्हणून नाही. तिने नेमकं काय केलं हे मला शब्दांत हवं होतं. दुसऱ्या एका बाईंकडे संध्याकाळी जायला लागले. त्यांनी बाटलीला हात लावू देण्याआधी काय करायचं नाही ते घोकून घेतलं. एका थेंबात ढीगभर पाल्याचा अर्क असतो, म्हणून साध्या तेलात मिसळल्याशिवाय अंगाला लावायचं नाही. पोटात घ्यायचं नाही. आणि तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ, तोंडाजवळ नीलगिरी किंवा पुदिना न्यायचाच नाही, श्वास अडकतो. हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं. म्हणजे नणंदेलाही कुणीतरी शिकवलंच असणार.

तिच्या क्लासच्या पत्रकावर मात्र छापलेलं होतं, सर्दीचं मिश्रण, शंभर टक्के नैसर्गिक, तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत. धोतराही नैसर्गिकच असतो. मी ते पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं, आणि पर्स बदलली की तेही नव्या पर्समध्ये जायचं.

मागच्या हिवाळ्यात नणंदेची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सव्वा महिन्याने बारसं होतं. गंगापूर रोडच्या त्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये घरच्या बायका होत्या, क्लासच्या बायका होत्या, सासूबाई सोफ्यावर होत्या. पाळण्यात घालायच्या आधी नणंद खोबरेलाची वाटी घेऊन नातवाची टाळू भरायला बसली. बाळाचं नाक सूं सूं वाजत होतं.

मी उठले, कपाटातून त्या मिश्रणाची बाटली काढली आणि तिच्यासमोर ठेवली. शेजारी पत्रक उलगडून ठेवलं. म्हटलं, ताई, बाळाला सर्दी आहे, दोन थेंब घाला ना यात. क्लासच्या बायका बघायला पुढे सरकल्या. ती म्हणाली, आत्ता नको. मी म्हटलं, का नको, यांनाही शिकायला मिळेल. सासूबाईंच्या मनात काही नव्हतं, त्याही म्हणाल्या, घाल की, एवढी लोकांना देतेस. मी झाकण काढलं आणि बाटली वाटीवर धरली. बाटलीच्या तोंडावर माझं बोट घट्ट होतं. थेंबही पडू दिला नसता, कारण त्या पोराशी माझं काही वैर नव्हतं. पण बोट तिला दिसत नव्हतं.

तिने दोन्ही हातांनी वाटी झाकली. "वेड लागलंय का तुला? एवढ्याशा बाळाला हे चालत नाही. श्वास बंद पडतो."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी बाटलीचं झाकण लावलं आणि ती पत्रकाशेजारी ठेवली.

सासूबाईंना वेळ लागला. त्या एकदा बाटलीकडे बघत होत्या, एकदा लेकीकडे. मग त्यांनी विचारलं, "मग तेव्हा हिच्या पोरीला तू काय घातलं होतंस?"

नणंदेचं तोंड उतरलं. ती वाटीकडे बघत म्हणाली, "दोनच थेंब घातले होते."

क्लासमधल्या एका बाईने पत्रक उचललं, वाचलं आणि शेजारणीला दिलं. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मनात क्षमा वगैरे येते का म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली. आली नाही.

तेवढ्यात भाची उठली. बाळंतपणाने ती अजून सावकाश चालत होती. तिने आईच्या मांडीवरून आपलं बाळ उचललं आणि माझ्या मांडीवर दिलं. "मामी," ती म्हणाली, "टाळू तुम्ही भरा."

मी आधी वाटी नाकाशी धरली. नुसतं खोबरेल होतं. मग सावकाश टाळू भरली, तेल पुरतं जिरेपर्यंत थोपटत राहिले. नणंद स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी होती. पाळण्याशी बायका जमल्या, तिला कुणी पुढे ये म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.