काळोखात राहिलेलं मीठ

नव्वदच्या दशकात मी पेणला फौजदार होतो. तेव्हाचं एक प्रकरण मनातून जात नाही, कारण त्याच्या कागदांत माझ्या हातचं एक वाक्य खोटं आहे.

रोह्याच्या एका कंपनीतून विषारी पांढऱ्या पुडीचा ड्रम चोरीला गेला होता. खबऱ्याने सांगितलं, खाडीकाठच्या एका मिठागर कामगाराच्या घरी कवटीचं चित्र छापलेली कंपनीची पिशवी आहे, आत पांढरी पूड. पावसाळ्यात मिठागरं बंद, म्हणून तो त्याच कंपनीत शिफ्ट करायचा. गावादेखत बेड्या घालून आणला.

चौकशीत तो एकच सांगत राहिला : पावसात मिठाला पाणी सुटतं, म्हणून कंपनीच्या स्टोअरमधून न वापरलेली प्लास्टिकची पिशवी मागून आणली. हवालदार म्हणाला, कवटीत मीठ भरणारा पहिलाच बघतोय.

"मीठच हाय सायब. ह्ये बगा." त्याने चिमूट उचलून तोंडाकडे नेली. मी हातावर फटका मारला. स्टेशन डायरीत लिहिलं : संशयिताने विष घेण्याचा प्रयत्न केला.

सरकारी अहवालाला फार वेळ लागे. म्हणून थोडी पूड घेऊन मी कंपनीच्या प्रयोगशाळेत निघालो. कासू गावाच्या पुढे भाताच्या पाणी भरल्या खाचरांत आभाळ उतरलं होतं. जीप ढगांतून चालल्यासारखी वाटत होती.

तिथल्या केमिस्ट बाईंकडे ध्रुवण सूक्ष्मदर्शक होता. नमुन्याच्या खाली एक आणि वर एक अशा प्रकाशाच्या दोन गाळण्या. त्या एकमेकींना आडव्या केल्या की उजेड पार अडतो. मधलं गोल तबक फिरतं. बाईंनी आधी कंपनीची पूड ठेवली. काळोखात निळे, केशरी, जांभळे कण उमलले. तबक फिरेल तसे विझत, पुन्हा पेटत. मी कशासाठी आलो तेच क्षणभर विसरलो.

मग त्याची पूड ठेवली. तबक पूर्ण फिरलं. नुसता काळोख.

"यंत्र बंद पडलं का?"

"नाही साहेब. मीठ कितीही फिरवा, काळंच राहतं. ही आमची पूड नव्हे."

पुढे ड्रम एका ट्रकवाल्याकडे सापडला. याला मात्र प्रयोगशाळेतून परतलो त्याच दुपारी सोडला होता. ठाण्याबाहेर त्याची बायको उभी होती. "चल गो घरा," तो म्हणाला. ती हलली नाही. मला म्हणाली, "सायब, नेताना गावानं बघितला. सोडला ह्ये कोन सांगंल?"

गावात सांगायला हवालदार पाठवतो म्हणालो. पाठवला नाही. डायरीही तशीच राहिली. पुढे कानावर आलं, गावात त्याला विषवाला म्हणतात. त्याच्या घरचं पाणी कोणी पीत नाही.

अटक चारचौघांत केली तर सुटकाही चारचौघांत करावी, एवढं मी या प्रकरणातून शिकलो, तेही उशिरा. तो आता नाही. मुलं त्याच गावात आहेत. त्यांच्या बापाने चोरी केली नव्हती. विषही घेत नव्हता. तो मला मीठ खाऊन दाखवत होता.