फाटकावरचा दिवा

पावसाळा सरला की आमच्या रोपवाटिकेत उसंत नसे. वाफे भुसभुशीत करायचे, हिवाळी फुलांचं बी टाकायचं, शेवंतीला काड्या बांधायच्या. कारखान्याच्या वसाहतीला लागणारी सगळी फुलं आमच्याकडची. मी रोजंदारीवर होते. माळीकाका पक्क्या नोकरीत होते, पण त्या वर्षी त्यांची नोकरी शेवंतीच्या एका वाफ्यावर येऊन ठेपली होती.

तो वाफा कारखान्याच्या फाटकालगत होता. बाकीची शेवंती दिवाळीत पिवळीधमक व्हायची, ही मात्र नुसती पानांनी माजायची. नवे साहेब एक दिवस वाफ्यापाशी थांबून म्हणाले, "इस बार भी नहीं खिला, तो कोयला उतारने भेज दूँगा." काकांची पाठ तेव्हाच वाकलेली होती.

माझे वडील त्याच कारखान्यात. आमच्या घरी डब्यांखालीसुद्धा युनियनची पत्रकं अंथरलेली असत. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे गुन्हेगार कोण हे मला लगेच कळलं. दुपारच्या सुट्टीत मी पत्रक लिहिलं: कारखान्याचं विषारी पाणी फुलं मारतं आणि शिक्षा माळ्याला! कार्बन लावून बारा प्रती काढल्या आणि काकांना वाचून दाखवलं.

"मस्त लिहिलं, बेटा. पण साऱ्या वाफ्यायले मी एकाच विहिरीचं पाणी देऊन राहिलो ना."

"मग हाच काहून फुलत नाही?"

त्यांनी फाटकावरच्या मोठ्या दिव्याकडे बोट केलं. "तो झोपू देत नाही त्यायले."

"काका, झाडं काय झोपतात?"

"तुले झोप लागते काय दिव्याखाली?"

दिव्याला वाफ्याच्या बाजूनं पत्र्याची टोपी लावा, असं ते प्रत्येक साहेबाला सांगत आले होते. साहेब हसायचे. मीही हसले. टोपीसाठी कोणी लढतं का? पत्रकं मी कांचघर नावाच्या कामगार मोहल्ल्यात बारा घरी वाटली. चार दिवसांनी साहेबांनी काकांना बोलावून विचारलं, हे कोणी लिहिलं? काकांनी माझं नाव सांगितलं नाही. साहेब म्हणाले, दिवाळीपर्यंत बघतो.

आणि पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. ब्लॅकआउटचा हुकूम आला, काचांना काळा रंग लागला. आत तिन्ही पाळ्या चालू होत्या, पण फाटकावरचा दिवा संध्याकाळी लागेनासा झाला. लढाई थांबली तरी हुकूम लगेच उठला नाही.

एका सकाळी मी त्या वाफ्यात तण काढत होते. शेंड्यावर बोट टेकलं तर मुगाएवढी कळी. बाजूच्या झाडावरही. मी किंचाळले.

काका खुरपं टाकून आले, वाकून एकेक शेंडा बघत गेले. "वरडू नको," म्हणाले. डोळे मात्र पुसत होते.

दिवाळीत वाफा पिवळा झाला. साहेब खूश. "देखा? डाँटने से काम होता है." दिव्याचं माझ्या तोंडाशी आलं होतं, पण काकांनी मागून माझा पदर ओढला.

दिवा पुन्हा लागणार, हे उघड होतं. मग पुढच्या वर्षी? मी अर्ज लिहिला. एकच ओळ: फाटकावरच्या दिव्याला वाफ्याच्या बाजूने पत्र्याची टोपी बसवावी. काकांनी अंगठा उठवला.

"इतकंच?"

"इतकंच तर मागत होता तुम्ही."

मग कांचघरात बाराही घरी जाऊन मी सांगितलं की पाण्याबद्दल मी लिहिलं ते चूक होतं. त्यातल्या अकरांनी ते वाचलंच नव्हतं. बाराव्या घरचे भैया पत्राकाम करायचे. त्यांनी टोपीचं माप विचारलं.