तान्ह्या पोळ्याची नोंद

माझ्या प्रमाणपत्रांची एक निळी फाइल आहे. तिच्या पहिल्या कप्प्यात माझं एकही प्रमाणपत्र नाही. तिथे मोठ्या बाबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाच्या मृत्यू दाखल्याची नक्कल आहे. मुलाखतीला गेले की फाइल उघडणारा माणूस आधी तिथे अडखळतो, मग माझ्याकडे बघतो. कागद चुकून तिथे राहिला असं त्याला वाटत असणार. तो चुकून राहिलेला नाही.

मोठे बाबा यवतमाळला दवाखान्यात वारले तेव्हा मी दोन वर्षांची होते. मोठी आई अजून राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. तिला मूलबाळ नाही. लोकांच्या वावरात कामाला जाते, आणि तिच्या घराचं छप्पर दर वर्षी एका नव्या ठिकाणी गळतं. मोठ्या बाबांचा मूळ दाखलाही त्याच छपराखाली ट्रंकेत भिजून लगदा झाला होता.

गेल्या वर्षी घरकुलाच्या यादीत तिचं नाव आलं. पण घराची जागा ग्रामपंचायतीच्या दप्तरात अजून मोठ्या बाबांच्या नावावर होती. ग्रामसेवकांनी सांगितलं, महिना संपायच्या आत मृत्यू दाखला आणा, जागा तुमच्या नावावर करतो. नाही आणला तर यादीतलं नाव गळेल. दाखला यवतमाळच्या नोंदणी कार्यालयातून काढायचा होता, आणि आम्ही यवतमाळलाच राहतो, म्हणून काम बाबांकडे आलं.

तारीख शोधायची गरजच नव्हती. आमच्या बैठकीत मोठ्या बाबांचा फोटो आहे आणि त्याखाली पांढऱ्या रंगात तारीख रंगवलेली आहे. तसाच फोटो गावी मोठ्या आईकडे आहे. बाबा दर वर्षी त्या तारखेला हार आणतात. त्यांनी तीच तारीख अर्जात लिहिली आणि आठ दिवसांनी एक पत्र घेऊन परत आले. नोंद आढळून येत नाही.

"आता तहसीलमधून आदेश आणावा लागते म्हणे," बाबा चपला काढता काढता म्हणाले. "शपथपत्र, साक्षीदार, सगळं. तीन-चार महिने तरी जातील."

तीन-चार महिने म्हणजे यादी गेली. हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं, पण आई म्हणाली, "पोहे घ्या आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मोठी आई आली. बाबांनी तिला पत्र वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, मग फोटोकडे हात केला.

"भाऊजी, थे तारीखच त्यायची नाई. म्या किती डाव सांगतलं. ते तान्ह्या पोळ्याले गेले."

"वैनी, तुम्ही तिथीनं धरता, आम्ही तारखेनं. दर साली फरक पडतेच."

"मले तिथी-तारीख नाई समजत. पोरं नंदी घिऊन दारात उभे होते अन् मले दवाखान्यातून निरोप आला. एवढं समजते."

"बरं," बाबा म्हणाले. त्यांच्या 'बरं'चा अर्थ 'विषय संपला' असा असतो.

मला मात्र एक आठवलं. लहानपणी मी पोळ्याला गावी जायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आम्ही मुलं लाकडी नंदी ओढत घरोघर जायचो आणि प्रत्येक दारात बोजारा मिळायचा: कुठे खाऊ, कुठे नाणं. फक्त मोठ्या आईचं दार लावलेलं असायचं. एकदा मी फटीतून आत पाहिलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती. चूल थंड होती. तिन्हीसांजेला ती बाहेर आली, माझ्या नंदीला कुंकू लावलं आणि माझ्या हातावर भिजवलेल्या हरभऱ्याची मूठ ठेवली. मी कुणाला काही विचारलं नाही. विचारणं मला कधीच जमलेलं नाही; मी बघून ठेवते.

आणि फोटोवरची तारीख एखाद्या वर्षी मी गावी असतानाच यायची, तेव्हा ती सरळ निंदायला जायची. त्यावरून तिनं काय काय ऐकलं, तेही मी बघून ठेवलं होतं. समोरच्या घरातली तिची चुलतसासू ओट्यावरून मोठ्यानं म्हणायची, "नवऱ्याचा दिवस हाय अन् हे विळा घिऊन चालली वावरात. लाज नाई बाईले." मोठी आई डोक्यावरचा पदर नीट करायची आणि चालत राहायची.

मी मोबाइलवर त्या वर्षीचं पंचांग शोधलं. पोळा ऑगस्टच्या अखेरीला होता. फोटोवरची तारीख सप्टेंबरातली. तान्ह्या पोळ्यापासून बोटांवर मोजत गेले. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. तेराव्या बोटाला फोटोवरची तारीख आली. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"मोठी आई, फोटोवर नाव-तारीख घालायला दुकानदाराला काय दिलं होतं?"

"तेरवीचं कारड देल्लं होतं. दुसरं होतंच काय?"

त्या कार्डावर सगळ्यात ठळक तारीख कुठली असणार? जेवणाची. रंगवणाऱ्यानं तीच उचलली. बाबा तेव्हा नोकरीत दूर होते, धावतपळत पोचले आणि पुढे भिंतीवर जे लिहिलं होतं ते खरं धरून चालले. माझे शिकलेले बाबा वीस-बावीस वर्षं तेरवीच्या जेवणाला हार घालत होते.

हे मी बाबांना सांगितलं नाही. बाबांना ऑफिस होतं. मोठ्या आईला घेऊन मी निघाले.

रिक्षात मी एक वाक्य पाठ करत होते. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी मला येतं, पण सरकारी खिडकीपुढे ते घशातून खाली उतरून जातं. 'कृपया मागील महिन्याची नोंदवही पाहावी' असं ते वाक्य होतं. पोचेपर्यंत मलाच ते कुणा दुसऱ्याचं वाटायला लागलं.

खिडकीतल्या बाबूंनी पत्र पाहिलं. "हे तं झालं ना मॅडम. नाही म्हणून लिहून देल्लं."

माझं वाक्य आलंच नाही. मोठी आई माझ्या खांद्यावरून पुढे झाली.

"बाबू, तान्ह्या पोळ्याचं पाह्य ना."

"मावशी, रजिस्टरात पोळा-दिवाळी नाही राह्यत. तारीख राह्यते."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मोठ्या आईनं माझा हात धरला. तिचा तळवा खरखरीत आहे, निंदणाऱ्या बाईचा. हा हात बावीस वर्षं खरं सांगत होता आणि एकाही माणसानं वही उघडली नव्हती, हे मला त्या क्षणी असह्य झालं.

"ऑगस्टचं रजिस्टर बघा," मी म्हणाले. कृपया राहून गेलं.

"तुमची तारीख सप्टेंबरची हाय. नोंद नंतर होते मॅडम. मरायच्या आधी नोंद करते काय कोणी?"

आता सगळी रांग हसली. पण आवाज एकदा निघाला होता, तो परत कसा घ्यायचा ते मला माहीत नव्हतं.

"ती तारीख मरणाची नाही. तेरवीची आहे. फोटोवाल्यानं कार्डावरून उचलली. ह्या म्हणतात तान्हा पोळा, तर तान्हा पोळाच असेल. त्या वर्षी तो ऑगस्टमध्ये होता. तेरा दिवस मागे जा."

बाबूंनी चष्मा वर केला. मोठ्या आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तेरवीची?" ते स्वतःशीच म्हणाले. "घ्या आता." आणि उठले.

जाड, शिवण सुटलेली वही त्यांनी टेबलावर आपटली आणि बोट ओळींवरून खाली नेऊ लागले. एक पान झालं, दुसरं झालं. मोठी आई त्या बोटाकडे बघत होती. तिला अक्षर येत नाही. पण बोट थांबलं ते तिला माझ्याआधी दिसलं.

"हाय," बाबू म्हणाले. त्यांनी नाव वाचलं, गाव वाचलं, दिवस वाचला. मग तो दिवस माझ्या मोबाइलवरच्या पंचांगाशी ताडून पाहिला. "बरोबर हाय मावशी. तान्हा पोळाच."

"मंग म्या काय म्हनून राह्यली?" मोठी आई म्हणाली.

रांगेत कुणी हसलं नाही. मागचे एक गृहस्थ मला म्हणाले, "ताई, माह्या अर्जाची तारीख पाहून देता काय जरा?" मी पाहून दिली.

बाबूंनी विचारलं, नकला किती? मी मोठ्या आईकडे पाहिलं. ती बोटं दुमडत म्हणाली, "एक गिरामपंचायतीले. एक भाऊजीले. एक मले." थोडं थांबून म्हणाली, "अन् एक इले."

संध्याकाळी बाबांनी त्यांची नक्कल दोनदा वाचली. मग उठून फोटो भिंतीवरून काढला आणि मांडीवर घेऊन बसले. "वैनी, तुमचं बरोबर होतं," एवढंच म्हणाले. मोठी आई म्हणाली, "हार वाया नाई गेले भाऊजी. जेवनाले तं ते होतेच."

दोन दिवसांनी मी तिच्याबरोबर गावी गेले. ग्रामसेवकांनी नक्कल घेतली, दप्तर काढलं आणि जागेपुढे तिचं पूर्ण नाव लिहिलं. यादी जायला अजून चार दिवस होते. तिनं ते नाव मला बोट ठेवून दाखवायला लावलं. मग त्यावर आपलं बोट ठेवलं.

परत येताना समोरच्या ओट्यावर चुलतसासू बसलेली होती. मोठी आई घरात न जाता तिच्यापुढे थांबली.

"वाच," मला म्हणाली.

"इथे?"

"इथंच. जोरानं. म्हातारीले कमी आयकू येते."

"मले कायले कमी आयकू येते?" म्हातारी म्हणाली.

मी रस्त्यात उभी राहून तो कागद वाचला. शाळेत मराठीचा धडा वाचायला उठवलं की मी रडायचे. इथे शेजारच्या दारांतून बाया बाहेर आल्या तरी मी थांबले नाही. मृताचं नाव वाचलं, ठिकाण वाचलं, मृत्यूचा दिनांक वाचला. कागदावर तेवढंच होतं. पुढचे दोन शब्द मी माझ्या पदरचे वाचले.

"तान्हा पोळा."

म्हातारी ओट्यावर सरकली आणि बाजूची जागा हातानं झाडली.

"बस वं," मोठ्या आईला म्हणाली. "उभी काहून राह्यली?"